आठवडाभराची चिठ्ठी

चिठ्ठी वाचताच नर्सबाईंनी ती घाईघाईने मिटली आणि पर्समध्ये कोंबली. चर्चच्या पायऱ्यांवर अजून गर्दी होती. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यांनी इकडेतिकडे नजर टाकली.

रीत जुनी होती. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्याने ते कागदावर लिहून दारातल्या पेटीत टाकायचं, नाव न घालता. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून पाळकबाई सगळे कागद आपल्या हाताने उतरवून काढत. रविवारी उपासना संपली की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची. चिठ्ठी कुणाची हे मात्र शोधायचं नाही.

नर्सबाईंच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. 'नवऱ्याचा मार आता सोसवत नाही. निघून जायचं बळ दे.'

शोधायचं नाही ही अट त्यांनी संध्याकाळपर्यंत पाळली.

बत्तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं दुखणं त्यांनी ओळखलेलं असायचं. खुर्चीत बसून त्या मनातल्या मनात चर्चचा एकेक बाक तपासू लागल्या आणि तिसऱ्या बाकावर अडल्या. औषधवाल्याची बायको. आज भर उपासनेत तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. औषधवाला तर असा तिरसट, की खोकल्याचं औषध मागणाऱ्यावरही खेकसायचा.

तेवढ्यात आत काहीतरी फुटलं. सून मुळातच धांदरट; वर्षातला हा चौथा कप. पाठोपाठ मुलगा बाहेर आला, गायनवृंदाच्या तालमीला उशीर होतोय म्हणाला आणि गेलाही. चर्चमध्ये त्याच्यासारखा आवाज दुसरा नव्हता. नर्सबाईंनी बसल्या जागेवरून सुनेला बजावलं, पायात चपला घालून काचा उचल आणि बाळाला तिकडे रांगू देऊ नकोस.

मंगळवारी त्या दुकानात गेल्या. औषधवाला मागच्या खोलीत खोकी उतरवून घेत होता. तेवढ्यात त्यांनी त्याच्या बायकोला हळूच सांगितलं, की जायचं मनात असेल तर जागेची सोय मी करते, कुणाला कळणार नाही. ती आधी गोंधळली, मग हसली. डोळे आलेत हो नर्सबाई, म्हणाली, आणि जायचंय कुठे मला?

नर्सबाई घरी आल्या त्या खात्री करूनच. इतकं हसून उत्तर देणाऱ्या बायका त्यांनी इस्पितळात कितीतरी पाहिल्या होत्या. सगळ्या जिन्यावरून पडलेल्या असत.

मग त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती बसने दोन तासांवर एकटी राहायची आणि तिची मागची खोली रिकामीच होती. चर्चमधली एक बाई येईल, नाव-गाव विचारू नकोस, मागे कुणीही आलं तरी दार उघडू नकोस, असं त्यांनी तिच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं. बहीण म्हणाली, ताई, तुझा हुकूम मी कधी मोडलाय?

बुधवारभर त्यांनी प्रार्थना केली. प्रभू, त्या पोरीचा पाय अडखळू देऊ नकोस.

गुरुवारी सकाळी त्यांनी एका कागदावर बसची वेळ आणि बहिणीचा पत्ता लिहिला. पुन्हा आपणच दुकानात गेलो तर औषधवाल्याला संशय येईल. सून बाळाला वजनासाठी दवाखान्यात नेणारच होती, दुकान वाटेवर. सुनेला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कागद औषधवाल्याच्या बायकोच्याच हातात द्यायचा, गल्ल्यावर ठेवायचा नाही.

सून बाळाच्या टोपड्याची गाठ मारत होती. ती कधी फारसं बोलायची नाही, आज बोलली.

"आई, पण लग्नात देवासमोर वचन दिलेलं असतं ना?"

"संसार करायचं दिलेलं असतं. हाडं मोडून घ्यायचं नाही."

"आणि सासूला काय वाटेल? त्यांचं काही चुकलेलं नाही."

नर्सबाईंना औषधवाल्याची म्हातारी आठवली. दुकानाच्या माडीवर दिवसभर माळ ओवत बसलेली असायची.

"एका छपराखाली राहून जिला ऐकू येत नाही, तिचं काय मनाला लावून घ्यायचं?" त्या म्हणाल्या. "जा तू. आणि तिला सांग, घाबरू नकोस म्हणावं. मी आहे पाठीशी."

सुनेने मान हलवली. कागद नीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, बाळाला कडेवर घेतलं आणि वाकून नर्सबाईंच्या गालाला गाल लावला. असले लाड तिला कधी सुचत नसत. बाळाची पिशवी नेहमीपेक्षा फुगली होती. वजनाला जायला दोन दुपटी पुरतात, हे तिला कितीदा सांगायचं, असं नर्सबाईंच्या मनात आलं, पण आजच्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.

दुपारी त्यांनी सुनेचं ताट वाढून झाकून ठेवलं. दवाखान्यात रांग असणार. मुलगा शाळेत शिकवून चारला यायचा.

दीड वाजता फोन वाजला. बहिणीचाच होता.

"पोचली का गं?"

"पोचली. मागच्या खोलीत निजलीय बिचारी. पाठ पाहिली मी तिची, ताई." बहिणीने आवाज खाली आणला. "तू नाव का सांगत नव्हतीस ते कळलं मला. एवढं मोठं मन मला नसतं करता आलं. तू काळजी करू नकोस, दार मी कुणालाही उघडणार नाही. तुझा मुलगा आला तरी."