हँडब्रेक

निफाड सोडल्यापासून गाडीत रबर जळाल्यासारखा वास येत होता. मागे बेबी सीटमध्ये दीड वर्षाची वेदिका झोपलेली. राखीने काचा खाली केल्या, तरी वास काही हटेना. शेवटी आडगावला तिने गाडी गॅरेजात घातली.

नवनाथ मेकॅनिकने मागच्या चाकाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "ताई, रबर नाय हे, ब्रेकचं लायनर जळतंय. हँडब्रेक ओढूनच पळवली का गाडी?"

"मी नाही हो ओढला!"

"मग पोरीनं ओढला आसंल," म्हणत तो हसला. ब्रेक मोकळा करून त्याने एक चक्कर मारून आणली. "जा आता बिनघोर."

उड्डाणपुलावर चढताच तोच वास आला. राखीने पाहिलं, तर हँडब्रेक वर होता. तिने तो खाली केला आणि हात त्याच्यावरच ठेवला.

हाताखाली तो पुन्हा उचलला जाऊ लागला. सावकाश, पण नेटाने. मागून ट्रक हॉर्न देत होते. इथे थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. दातओठ खात राखीने तो खाली दाबून धरला.

ओढ एकाएकी थांबली.

आणि मागे, झोपलेल्या वेदिकाच्या पट्ट्याचं बक्कल खट्‌कन उघडलं.