गुलबहारच्या खुर्च्या

श्यामकांतांनी गुलबहार हॉटेलच्या किल्ल्या वेणूच्या हातात ठेवल्या आणि मान वर न करता म्हणाले, "वेणूबाई, एवढं एक ऐका. हॉलमधल्या खुर्च्या आमच्या हिने, मालिनीने, निवडून आणल्या होत्या. ती गेली. त्या तेवढ्या मला नेऊ द्या."

वेणू कुलूप काढून आत गेली.

अंबरनाथ स्टेशनसमोर एके काळी असं दुसरं हॉटेल नव्हतं. कारखान्यांचे साहेब संध्याकाळी इथेच बसायचे, मुंबईचे पाहुणे मुक्कामाला यायचे. मग दारूबंदी आली. साहेबांनी आपला क्लब काढला आणि गुलबहारच्या वरच्या खोल्यांत कबुतरं नांदू लागली. त्याच वर्षांत वेणू उल्हासनगरच्या कॅम्पात सुकी मासळी विकत होती. डोक्यावरच्या पाटीची हातगाडी झाली, हातगाडीचं दुकान झालं आणि दुकानाच्या कमाईतून आता तिने गुलबहार विकत घेतलं होतं.

हॉटेलची जागा मुळात तिच्या नवऱ्याची, बुधाजीची. "पहिल्या पंगतीला तू," असं जमीन घेताना श्यामकांतच त्याला म्हणाले होते. म्हणून हॉटेल उघडलं त्या दिवशी बुधाजी धुतलेलं धोतर नेसून, वेणूला घेऊन आला आणि ऐटीत खुर्चीवर बसला. श्यामकांतांनी भरल्या हॉलमध्ये त्याला बखोटीला धरून उठवलं.

"तुझं पान मागे अंगणात मांडलंय. इथे साहेब लोक बसतात."

बुधाजी न जेवता परतला. घरी पोचेपर्यंत उगाच हसत होता. पुढे मरेपर्यंत तो स्टेशनाच्या रस्त्याने गेला नाही. बाजाराला जायचं तरी शेताच्या बांधावरून, आडवाटेने.

वेणूने दिराला हाक मारली. "हरिचंद्र, कुऱ्हाड आन."

पहिली खुर्ची तिने स्वतः हॉलच्या मधोमध ओढली. घाव बसला तसे दारातले श्यामकांत चौकटीला धरून उभे राहिले. तिसऱ्या खुर्चीला ते बाहेरच्या पायरीवर टेकले, रस्त्याकडे तोंड करून.

हरिचंद्र घाम पुसत थांबला. "वहिनी, अस्सल सागवान हाय. कॅम्पातला सिंधी उभ्या उभ्या उचलंल. इकून टाकू."

"इकल्या तं कोनतरी बसंल त्यांच्यावर," वेणू म्हणाली. "तोड."