चमचा खाली पडताना

"डॅडी, तू होडीत मला खुणा करतोस का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव, सगळ्यांसमोर. म्हणून लेसीने धक्क्यावर, शाळेच्या बास मासे पकडणाऱ्या अख्ख्या संघासमोर विचारलं. वर हसलीसुद्धा. लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्यापासून तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती.

डेल स्टिडम होडी बांधत होता. दोर हातातच राहिला.

"कोण म्हणतं?"

"कोणी नाही. असंच."

"मी म्हणते," ब्रिन पुढे झाली. ती लेसीची होडीतली जोडीदार. "मिस्टर डेल, एकच होडी, एकच खडक, दोघींच्या गळाला आमिषाचा चमचाही सारखाच. ही मासे काढते आणि मी शेवाळ. मला फक्त कळायला हवं."

नियम सगळ्यांना पाठ होता. होडीत दोन मुलं आणि कप्तान म्हणून एक मोठं माणूस. कप्तानाने होडी चालवायची. गळाच्या काठीला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, खूण तर नाहीच.

"नाही, पोरी," डेल लेसीकडे बघत म्हणाला. "कधीच नाही."

मग गारठलेले हात काखेत खुपसून तो ट्रककडे निघाला. त्याचे हातमोजे पुन्हा हरवले होते.

"बघ, विचारलं," लेसी ब्रिनला म्हणाली. "आता तुला जमत नाही हे मान्य कर. नोव्हेंबरात बास आळशी होतो. खोल जाऊन बसतो, कशाच्याही मागे पळत नाही. पत्र्याचा चमचा तळाला टेकू द्यायचा, वीतभर उचलायचा, दोरी सैल सोडून पडू द्यायचा. तो पडताना मासा तोंडात घेतो. झटका बसतच नाही, दोरी जरा थबकते. तेवढ्यात ओढायचं."

"ते थबकणं तुला दिसतं कसं पण?"

"दिसतं." लेसीने काळा चष्मा नाकावर सारखा केला. आभाळ भरून आलेलं होतं.

रात्री जेवताना रोंडाने नवऱ्याचे हात पाहिले. कातडी तडकली होती.

"परत हातमोजे हरवलेस? डेल, तुझे हात खांद्याला जोडलेले आहेत म्हणून बरं. नाहीतर तेही तळ्यावर विसरून आला असतास."

"ट्रकमध्येच ठेवले होते गं."

"हो, आणि चर्चमध्येही तू प्रवचनच ऐकत असतोस. गुडघ्यावरचं बोट टुणकन वर! पास्टरना वाटतं, ह्याला काहीतरी शंका आहे. आणि ह्याला पत्ताच नाही. डोक्यात मासा लागलेला असतो."

लेसी खूप हसली. डेल हसला नाही.

"पोरं धक्क्यावर विचारतायत," तो म्हणाला, "म्हणजे त्यांचे आईबाप घरी बोलतायत."

लेसीने कॉर्नब्रेडचा तुकडा बशीत फिरवला आणि तसाच ठेवला.

शनिवारी हंगामातली शेवटची स्पर्धा होती. एरवी डेल होडीच्या मध्यभागी कडेला तोंड करून बसायचा, उघडे हात गुडघ्यांवर, नजर मुलींच्या दोऱ्यांवर. ब्रिन पुढे उभी राहायची. मागची जागा लेसीची ठरलेली. आज तो सरळ पुढच्या टोकाला, छोट्या मोटरपाशी जाऊन बसला. पाठ दोघींकडे.

"ब्रिन, तू लेसीजवळ मागे जा," तो म्हणाला. "आणि दिवसभर माझ्यावर नजर ठेव. मी वळलो तर कोचला सांग."

"डॅडी, कशाला? नेहमीसारखाच बस ना."

"नाही, पोरी. आज असंच."

लेसीचा चमचा तळाला टेकत राहिला, उठत राहिला, पडत राहिला. ती ओढायची तोवर मासा चमचा थुंकून गेलेला असायचा. कधी उगाचच ओढायची. दुपारी खडकांवर थोडं ऊन आलं आणि ब्रिनला एक चांगला जाड मासा लागला. मग आणखी एक.

"वजन बघ याचं," ब्रिन म्हणाली. लेसीकडे मात्र तिने पाहिलं नाही.

डेल एकदाही वळला नाही. त्याची मान आखडली होती.

वजनाच्या काट्यापाशी लेसीची पिशवी रिकामी निघाली. कोणी ओरडलं नाही, भांडलं नाही. डेलला वाट करून देताना माणसं जरा जास्तच बाजूला झाली, इतकंच. मागून कोणीतरी म्हणालं, "आज सिग्नल बंद होते वाटतं." एक-दोघं हसले.

कोचने डेलला बाजूला घेतलं. "पुढच्या वर्षी जरा आराम कर, डेल. मी दुसरा कप्तान बघतो."

डेलने मान हलवली. हुज्जत घातली नाही. लेसी ट्रकमध्ये बसून काचेतून हे बघत होती.

घरी तो जॅकेट न काढताच टेबलापाशी बसला. कॉफीचा मग दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हता.

"मी काहीच केलं नाही, रोंडा."

"मला माहीत आहे."

"मग आज हिला एकही मासा का लागला नाही? त्या लोकांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो." तो मगात बघत राहिला. "होडी विकून टाकतो. धक्क्यावर कोणत्या तोंडाने जाऊ?"

"लेसी," रोंडाने हाक मारली. "अगं, तू तरी त्या लोकांना सांग काहीतरी. ते तुझं ऐकतील."

लेसी दारात उभी होती. खांद्यावर गळाची बॅग तशीच होती.

"मी सोमवारी कोचकडे जाणार आहे," ती म्हणाली. "दोन्ही चषक परत करणार. सगळ्या संघासमोर."

डेलने वर पाहिलं. "तुलाही तसंच वाटतं? पोरी, देवाशपथ, मी तुला कधी खूण केली नाही."

"माहितेय, डॅडी."

तिने बॅग टेबलावर पालथी केली. दोन चमचे खणखणत बशीवर पडले, मग काळा चष्मा, आणि मग अगदी तळातून डेलचे हातमोजे, राखाडी, तपकिरी आणि रोंडाने विणलेले जाड लाल, सगळ्या जोड्या.