एकच रेघ

पट्टीवर एकच लाल रेघ उमटली आणि आनंदरावांच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

"एकच हाय," ते म्हणाले. मग शर्यतीच्या सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "एकच रेघ. कोरोनात नाकात काड्या घालून घेतल्यात समद्यांनी. एक रेघ म्हंजी निर्मळ, दोन म्हंजी बाधा. ह्यात शिकायचं काय?"

धनश्री पट्टी धरून उभी होती, ओठ मिटून. कुरकुंभला अशा पट्ट्या बनतात त्या कंपनीत ती कामाला होती. बैलाला दम वाढवायची सुई टोचली आहे का, हे त्याच्या मुतावरून ओळखणाऱ्या या पट्ट्या यात्रा कमिटीनं तिच्याकडूनच मागवल्या होत्या. आज शर्यतीत आनंदरावांचा बैल बादल पहिला आला होता, आणि ही पट्टी त्याच्याच मुतात बुडवलेली होती. आता तो उन्हात खांबाला बांधलेला होता. तोंडाला फेस, आणि बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या हलत होत्या.

गेल्या यात्रेत याच आनंदरावांनी तिच्या वडिलांचा, तात्यांचा, पाखऱ्या बैल आपल्या गाड्याला जुंपायला मागून नेला होता. घाटात तशी रीतच आहे. चांगला बैल कुणी मागितला की नाही म्हणायचं नसतं. पाखऱ्यानं शर्यतीची बारी मारली आणि निशाणापाशी जो बसला तो उठलाच नाही. सुई टोचल्याचं मागाहून कळलं. "मला सांगायचं तरी," तात्या म्हणाले होते. आनंदराव पानाला चुना लावत म्हणाले होते, "तू इचारलंस कुठं, खंडू?"

ते वाक्य धनश्री वर्षभर उशाला घेऊन झोपली होती.

"थांबा जरा," कमिटीचे मारुतराव आबा म्हणाले. गावच्या सप्ताहात कीर्तनाला तेच उभे राहत. त्यांचा आवाज नुसत्या बोलण्यातही सुरात लागायचा. "पट्टी पोरीची हाय. तिला तरी—"

"तिला काय इचारायचं? आपल्याला डोळं न्हाईत?" आनंदरावांनी देवापुढच्या ताटातला भंडारा मुठीत घेतला, कपाळाला लावला आणि माईक ओढून घेतला. "ऐका मंडळी. ह्या पट्टीत जे आलंय ते मला मान्य. माझ्या बैलाच्या अंगात औषध निघालं, तर माझी दावण ह्या घाटात पुन्हा दिसायची न्हाई. खंडोबाची आण."

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. धनश्रीनं टाळ्या पूर्ण विरू दिल्या. बादलचे पुढचे पाय फाकत चालले होते, ते तिला दिसलं. तरी ती अजून थोडी थांबली, भंडारा त्यांच्या कपाळावर नीट बसेपर्यंत.

"आबा, माईक द्या."

आबांनी दिला.

"कोरोनाचा जंतू मोठा असतो," ती म्हणाली. "त्याला दोन बाजूंनी पट्टीतले दोन हात धरतात, तवा रेघ उठती. औषधाचा कण लई बारका. एका हातानं धरला की दुसऱ्याला धरायला जागाच उरत न्हाई. म्हणून ह्या पट्टीत एकच हात हाय. उंटाच्या रक्तात रोगाचे कण पकडायला असतो तसला, लहान, एकट्यानं काम करणारा. त्याला एक खोबण असती. त्या औषधाचा कण त्या खोबणीत बरोब्बर बसतो, दुसरं काय तिथं मावत न्हाई."

"आन् रेघ?" आबांनी विचारलं.

"वरची रेघ पट्टी चांगली असल्याची, ती कायम येती. खालच्या रेघेवर आम्ही तेच औषध आधीच लावून ठेवलंय. हात मोकळा असला तर तिथं जाऊन धरतो, रंग सोडतो, रेघ दिसती. बैलाच्या मुतात औषध असलं तर हात वाटंतच भरतो. भरला हात खालच्या रेघेपाशी थांबत न्हाई."

आबांनी डोळे मिटले. "टाळ धरल्याल्या हातानं दुसरं काय धरता येत न्हाई," ते हळूच म्हणाले.

"व्हय आबा. दोन रेघा म्हंजी निर्मळ. एक म्हंजी टोचलंय."

आनंदरावांच्या कपाळावरचा भंडारा घामानं ओघळून भुवईत उतरला. त्यांनी पट्टीकडं पाहिलं, मग माईककडं, मग धनश्रीकडं.

"हे आधी का न्हाई सांगितलंस? मी आण घेताना गप ऱ्हायलीस?"

वर्षभर ती याच प्रश्नाची वाट पाहत होती.

"तुम्ही इचारलंत कुठं, आनंदराव?"

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. आनंदराव खाली बघत राहिले. धनश्रीच्या छातीत काहीतरी गच्च, गोड भरून आलं. ते दाखवायला ती तात्यांकडं वळली.

तात्या गर्दीतल्या आपल्या जागेवर नव्हते. ते खांबापाशी होते. त्यांनी बादलचा कासरा सोडून त्याला गाड्याच्या सावलीला घेतलं होतं, डोक्याचं मुंडासं बादलीत बुडवून त्याच्या छातीवर धरलं होतं. बैलाचे डोळे पांढरे झाले होते. तात्यांचा एक हात त्याच्या काळजावर होता, दुसरा पाणी पिळत होता.

"तात्या," ती जवळ जाऊन म्हणाली, "ऐकलंत ना?"

"ऐकलं," तात्या वर न बघता म्हणाले. "पट्टी बघितल्या बघितल्या कळलं व्हतं ना तुला?"

तिनं मान डोलावली.

"मग गप ऱ्हायलीस तवा ह्या मुक्या जिवाला कुणी इचारलं, पोरी?" ते म्हणाले, आणि ओलं मुंडासं पुन्हा बुडवायला त्यांनी तिच्यापुढं केलं.