पूर्वीसारखे

सोलापूरच्या ख्रिस्ती देवळात शांतवन पाळकांचं एक प्रवचन ठरलेलं असायचं. गर्विष्ठ नबुखद्नेस्सर राजाचं भान देवानं हिरावून घेतलं, तो बैलासारखा गवत खात रानात फिरला आणि वर आकाशाकडे पाहिलं तेव्हाच शुद्धीवर आला.

त्यांच्या मुलीनं, दीनानं, गिरणीतल्या झाडूवाल्याशी लग्न केलं, तेव्हा पाळकांनी तिच्या तोंडावर दार लावलं. "मला लेक नाही," आतून आवाज आला.

सन एकतीसच्या उन्हाळ्यात पाळकांचंच भान गेलं. नव्या पेठेत अनवाणी भटकताना सापडले. दीनानं त्यांना आपल्या खोलीवर आणलं. माणसं ओळखू येईनात, झालेलं भांडणही आठवेना. लेक मात्र आठवत होती. जेवताना ते पहिला घास तिच्यापुढं धरायचे. "दीने, तू जेवलीस का गं?"

रविवारी दीना त्यांना देवळात घेऊन आली, तेव्हा नव्या पाळकांनी सगळ्यांना उभं केलं. "प्रभू, त्या राजासारखं यांचंही भान परत दे. यांना अगदी पूर्वीसारखं कर."

"आमेन!" सगळं देऊळ म्हणालं. दीना तेवढी ओठ मिटून उभी राहिली.



बापानं तिला कोपरानं हलकेच ढोसलं, "आमेन म्हण की गं, लेकी."