कानातला समुपदेशक

न्हाल्यावर कानातला समुपदेशक पुन्हा घालायला मृणाल विसरली आणि जेवताना तिला नवऱ्याचं खरं बोलणं ऐकू आलं. “आज पुन्हा कारलं?”

घटस्फोट मागायला गेले तेव्हा कोर्टाने दोघांच्या कानांत ही यंत्रं बसवली होती. तेव्हापासून श्रीरंगचं प्रत्येक टोचरं वाक्य तिला गोड होऊन ऐकू यायचं. कारल्याचं तर कौतुकच ऐकू यायचं, म्हणून ती ते हौसेने करायची.

तिने त्याच्याही कानातलं यंत्र ओढून काढलं.

“तुमचं लग्न धोक्यात आहे,” ते किरकिरलं. तिने ते तांब्यात बुडवलं.

“मलाही कारलं आवडत नाही,” ती म्हणाली. “आता बोल. काहीही गिळू नकोस.”

“मग ऐक.”

मृणालने पदर खोचला आणि त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली.