खेळपट्टीवरचं गाऱ्हाणं

सदानंदने पिशवीतून नारळ काढला आणि सिमेंटच्या खेळपट्टीवर मधोमध ठेवला. शेजारी खोदाईचं यंत्र धडधडत उभं होतं. त्याने हाताने खूण केली, तसं वर बसलेल्या पेशावरच्या बख्तावरने इंजिन बंद केलं.

"अब क्या है, सदाभाई? यल्ला, सुपरवायझर आता होगा."

"दो मिनट, खानसाब. जगह से पूछना पड़ता है."

शारजातलं हे वाळूचं मैदान एकेकाळी दर शुक्रवारी कोकणातल्या पोरांनी फुललेलं असायचं. कणकवली, देवगड, मालवण, सगळ्यांच्या टीमा. साइटवर उरलेलं सिमेंट कालवून ही पट्टी ओतली ती सदानंदनेच. नारळ फोडल्याशिवाय सीझनची पहिली मॅच कधी सुरू झाली नाही. मग कोणाचा व्हिसा संपला, कोणाची कंपनी बुडाली, कोणाचे गुडघे गेले. एकेक जण गावी परतला. सदानंद तेवढा राहिला, आणि टॉवरच्या पायासाठी पट्टी फोडून घ्यायचं कामही नेमकं त्याच्याच वाट्याला आलं.

फोडायला त्याची ना नव्हती. पोट कोणाला चुकलंय? पण जागेवाल्याला, त्या जागेच्या राखणदाराला, न विचारता घाव घातला असता, तर ते जन्मभर मनाला खात राहिलं असतं.

त्याने हेल्मेट काढून हात जोडले.

"बा जागेवाल्या म्हाराजा, इतकी वर्सां तुझ्या अंगणात खेळलव..."

आणि तो अडला. गाऱ्हाणं एक जण घालतो आणि वाक्यावाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. पूर्वी इथे अख्खं मैदान ओरडायचं. आता मागे पत्र्याचं कुंपण होतं, दुसरं कोणी नव्हतं. त्याने गावी धनंजयला, जुन्या कॅप्टनला, फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

स्वतःच्याच गाऱ्हाण्याला स्वतःच हो म्हणावं, हे काही त्याला पटेना. त्याला फार एकटं वाटलं.

"आज मीच हंय घाव घालतंय," तो पुढे म्हणाला. "राग मानू नको. ज्यांका ज्यांका तू खेळवलंस, ते जंय असतीत थंय सुखात ठेव रे म्हाराजा."

सदानंद मान खाली घालून तसाच उभा राहिला.

यंत्राचं दार उघडलं. बख्तावर खाली उतरला, त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला यातला एक शब्दही कळला नव्हता. त्याने दोन्ही तळवे उघडून छातीशी धरले.

"आमीन," तो म्हणाला.